शेवटची फवारणी ते पहिली तोड, मधले दिवस मोजा

नमस्कार बागायतदार मंडळी, राजापूर आणि देवगडकडून या आठवड्यात जे प्रश्न आले त्यांचा रोख एकच आहे. हापूसच्या फळांवर थ्रिप्स (साल खरवडणारे बारीक किडे) दिसतायत, दुकानदाराने कपाशीवर चालतं ते औषध दिलंय, १५ दिवसांवर पहिली तोड आहे, मारू का? आणि मारलंच तर मिठाच्या पाण्यात धुतलं की औषध जातं ना?

मारू नका. आणि धुवून जात नाही.

साध्या भाषेत सांगतो, काही औषधं सालीवर बसतात, देठाजवळच्या खळगीत पांढरे ठिपके सुकलेले दिसतात ना, ते धुतल्यावर थोडेफार निघतात, पण इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झामसारखी आंतरप्रवाही औषधं झाडात आत शिरतात, तिथे मीठ काय आणि साबण काय, काही पोचत नाही. ती कमी होतात फक्त दिवस गेल्यावर. म्हणून लेबलवर पीक आणि फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. आंब्यावर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्केला ४५ दिवस, थायोमेथोक्झाम २५ टक्केला ३० दिवस. म्हणजे २० मार्चला इमिडा मारलं तर ४ मेपर्यंत त्या कलमाला झेला (आंबे तोडायची जाळीची काठी) लावायचा नाही, मग बाजारभाव कितीही चढूदे.

कपाशीचं औषध कपाशीसाठी मोजून दिलेलं असतं, आंबा लेबलवर नसेल तर ते आंब्याचं औषध नाही, दुकानदार काहीही सांगो. आणि दोन-तीन औषधं एका पंपात कालवू नका हो, २०१७ साली यवतमाळला कपाशी फवारताना विषबाधेने २० च्या वर माणसं गेली, मास्क-हातमोजे आपल्याकडेही कोण घालत नाही, मला खरंच काळजी वाटते.

थ्रिप्सने खरवडलेली साल आता फवारून परत गुळगुळीत होणार नाही, तो खर्च वायाच. ती फळं वेगळी काढून कॅनिंगला द्या. फळमाशीची भीती असेल तर रक्षक सापळे लावा, पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा. पुढच्या वर्षी फळं अंड्याएवढी झाली की कागदी पिशव्या घाला.

आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचं नाव मांगराच्या भिंतीवर कोळशाने का होईना लिहून ठेवा. बाटली रिकामी झाली तरी लेबलचा फोटो असूदे, शंका आली की मला पाठवा, कधी तोडायचं ती तारीख मी मोजून देतो.