रुग्णाला बरे वाटले, हे मोजायचे कसे?

पूरक व पर्यायी उपचारांच्या संशोधनात ‘रुग्णाला बरे वाटले’ हा निष्कर्ष शास्त्रीय मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मानावा. मात्र काय विचारायचे हे उपचारापूर्वीच ठरलेले असावे आणि तुलनेसाठी दुसरा गट असावा.

वेदना, थकवा, चिंता यांची खबर रक्ततपासणी देत नाही, ती रुग्णच देऊ शकतो. परंतु ३६ प्रश्नांच्या एसएफ-३६ सारख्या, एकूण आरोग्याविषयीच्या सर्वसाधारण प्रश्नावलीत त्याचा नेमका त्रास विचारलेलाच नसेल, असेही होते. म्हणून ब्रिटिश डॉक्टर शार्लट पॅटरसन यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘मायमॉप’ ही प्रश्नावली मला मोलाची वाटते. तीत रुग्ण सर्वांत जास्त छळणारी एक किंवा दोन लक्षणे आणि त्यांमुळे अडलेले एखादे काम स्वतः निवडतो, आणि त्यांना व एकूण स्वास्थ्याला ० ते ६ गुण देतो. ६ म्हणजे अत्यंत वाईट. ‘जिना चढवत नाही’ असे त्याने लिहिले असेल, तर काही आठवड्यांनी त्याच वाक्याला पुन्हा गुण द्यायचे असतात. तरीही एक सावधगिरी हवी: माणूस उपचाराला येतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि असा त्रास पुष्कळदा आपोआपही ओसरतो.

तुलना का हवी, हे २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापलेल्या दम्याच्या एका छोट्या अभ्यासातून मला सर्वांत स्पष्ट कळले. पहिल्या सेकंदात जोराने सोडलेल्या श्वासाचे प्रमाण खऱ्या औषधाच्या इनहेलरने सुमारे २० टक्के वाढले. औषधविरहित इनहेलर, बनावट ॲक्युपंक्चर (सुया टोचण्याच्या उपचाराचा नुसता देखावा) आणि काहीच उपचार नसणे या तिन्हींत ते जेमतेम ७ टक्के वाढले. रुग्णांनी स्वतः सांगितलेली सुधारणा मात्र याच क्रमाने ५०, ४५, ४६ आणि २१ टक्के होती. म्हणजे केवळ रुग्णांना विचारले असते, तर खरे औषध आणि बनावट उपचार सारखेच ठरले असते. रुग्ण खोटे बोलले असे मी मुळीच म्हणणार नाही, त्यांना खरोखर हलके वाटले होते. पण दम्यात श्वासनलिका आकुंचित राहिल्या तर जीव जाऊ शकतो, म्हणून तेथे श्वासाचे मोजमाप सोडून चालणार नाही. जुनाट कंबरदुखीत मात्र रुग्णाने दिलेले गुण हेच मुख्य मोजमाप असते, कारण एक्स-रेमधील बदल आणि वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही.