बॅटरी खरंच गेली आहे का?

या महिन्यात बॅटरीबद्दल इतकी पत्रं आली की सगळं पान तिलाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी गाड्यांच्या वायरिंगचं काम वडिलांच्या हाताखाली शिकले आणि गेली २७ वर्षं तेच करते आहे.

प्रश्न : ताई, माझी पेट्रोल गाडी साडेतीन वर्षांची आहे. गेल्या पंधरवड्यात दोनदा सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट-कट झालं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले. मेकॅनिकनी बघता क्षणी सांगितलं, बॅटरी गेली, बदला. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांचे भाव काढले, तर एक दुसरीच्या दीडपट. कुठली घेऊ?

उत्तर : आज कुठलीच घेऊ नका. आधी मोजा.

मी एवढं ठामपणे सांगते याला कारण आहे. काम शिकून चारेक वर्षं झाली होती तेव्हा एका गृहस्थांना मी चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या घ्यायला लावल्या. दोन्ही वेळा लक्षण तुमच्यासारखंच होतं, आणि दोन्ही वेळा मी कानाने ऐकून निदान केलं. तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची केबल सोडून हातात दिली. वरचं रबर शाबूत होतं, आतल्या तारा हिरव्या पडून अर्ध्याअधिक तुटल्या होत्या. सेल्फला करंट पोचत नव्हता आणि बॅटरी पुरती चार्जही होत नव्हती. केबल बदलली, काढून ठेवलेली दुसरी बॅटरी चार्ज करून परत बसवली, आणि ती पुढे दोन वर्षं चालली. पहिली तोवर भंगारात गेली होती. त्या गृहस्थांनी एक शब्दही सुनावला नाही, ते मला अजून टोचतं. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय ‘बॅटरी गेली’ हे शब्द मी तोंडातून काढलेले नाहीत.

साधा मल्टिमीटर बॅटरीच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त मिळतो. तो डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा, त्याची दोन टोकं बॅटरीच्या प्लस आणि मायनसवर टेकवा आणि तीन आकडे कागदावर लिहा.

पहिला आकडा रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी, किल्ली न लावता घ्यायचा. बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. पण रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामी असेल तर चार्जरवर रात्रभर लावून पुन्हा मोजा. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडला, तर एक सेल शॉर्ट झाला आहे असं समजा. उरलेल्या पाचांचा हिशेब तेवढाच येतो. अशा बॅटरीवर आणखी खर्च करू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. फार थंडी नसताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी इथे ८ वर कोसळली, तर ती खरंच संपली आहे.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला हा व्होल्टेज मुद्दाम कमी करतात, म्हणून हेडलाइट लावून बघा. तरीही १३ च्या खालीच राहिला तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र), त्याचा पट्टा किंवा वायरिंग तपासून घ्या. ते न करता नवी बॅटरी बसवलीत तर तीही वर्षभरात बसेल.

शिवाय सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर टेकवा. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष जोडाचा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो पांढरा-हिरवा थर धुवा, खुंटी ब्रशने चकचकीत घासा, क्लॅम्प आवळा. याचा खर्च काहीच नाही.

एवढं करून बॅटरीच दोषी ठरली तर मग भावाचं बोलू. एकाच मापाच्या डब्यात किमतीचा फरक सहसा तीन कारणांनी पडतो: आत शिसं किती आहे, आतली रचना कोणत्या प्रकारची आहे आणि वॉरंटी किती आहे. शक्य असेल तर दोन्ही उचलून बघा, किंवा माहितीपत्रकावरची वजनं पडताळा. साध्या बॅटरीत जड ती बहुधा जास्त शिशाची.

वॉरंटी मात्र नीट वाचा. ती सहसा दोन भागांत असते: आधी काही महिने फुकट बदली, नंतर काही महिने, वापराच्या काळाच्या प्रमाणात नव्या बॅटरीवर सूट. समजा एकीची किंमत १०० आणि वॉरंटी ३६ महिने, त्यातले फुकट बदलीचे २४. दुसरीची किंमत १५० आणि वॉरंटी ६० महिने, त्यातले फुकट बदलीचे ३०. पूर्ण वॉरंटीने भागलं तर पहिली महिन्याला २.७८ आणि दुसरी २.५० पडते, म्हणजे महागडी स्वस्त ठरली. फुकट बदलीच्या महिन्यांनी भागा: पहिली ४.१७, दुसरी ५. चित्र उलटलं. मी हा दुसरा भागाकारच खरा धरते. कारण सूट बहुतेक ठिकाणी छापील किमतीवर देतात, आणि मुळात छापील किमतीला बॅटरी घेतो कोण? छापील १०० ची बॅटरी बाजारात ७५ ला मिळत असेल, तर ३० टक्के सूट घेऊनही तुम्ही ७० मोजणार. वाचले ते ५.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे बॅटरीचा ताजेपणा. शिसे-आम्ल बॅटरी नुसती फळीवर ठेवली तरी हळूहळू उतरते, उन्हाळ्यात जास्तच. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे कडक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून बनवल्याच्या तारखेचा कोड विक्रेत्याकडून वाचून घ्या. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहापेक्षा जुनी मी घेत नाही. पैसे देण्याआधी मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. यात संकोच कसला? आपण भाजीसुद्धा बघून घेतो.

एकूण खर्च धरताना जुन्या बॅटरीचे पैसे वजा करायला विसरू नका. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसं असतं आणि ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं, म्हणून तिला मोल आहे. जुनी परत देऊन किती आणि न देता किती, असे दोन्ही भाव विचारा.

प्रश्न : गाडीच्या पुस्तिकेत ४५ अँपिअर-अवरची बॅटरी सांगितली आहे. विक्रेता म्हणतो, ६५ ची लावा, सेल्फ जोरात मारेल. मित्र म्हणतो, अल्टरनेटर जळेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप. सेल्फची मोटर तिला लागेल तेवढाच करंट ओढते; टाकी मोठी केली म्हणून नळाची धार वाढत नाही. चांगल्या स्थितीतली ४५ ची बॅटरी पुरत असेल तर ६५ ने फरक जाणवणार नाही. अल्टरनेटरही त्यामुळे जळत नाही, कारण जेवढं खर्च झालं तेवढंच त्याला भरायचं असतं. आणि एका वेळच्या सेल्फला खर्च होतं तरी किती? २०० अँपिअर दोन सेकंद धरले तर ०.११ अँपिअर-अवर.

अडचण बसवण्यात येते. मोठा डबा ट्रेमध्ये बसत नाही, मग वरची पट्टी न लावताच गाडी पाठवून देतात. सैल बॅटरी रस्त्यावर हादरे खाते आणि प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो. अशा कितीतरी बॅटऱ्या मी वेळेआधी भंगारात गेलेल्या पाहिल्या आहेत.

आकड्यांपेक्षा अक्षरं जपा. ५५बी२४एल अशा जपानी पद्धतीच्या कोडमध्ये २४ ही सेंटिमीटरमधली लांबी असते आणि शेवटचं एल किंवा आर हे प्लस-मायनसच्या खुंट्या कोणत्या बाजूला आहेत ते सांगतं. एलच्या जागी आर आली तर केबल पोचत नाही, किंवा कुणीतरी ती ओढूनताणून उलटी जोडतो. उलटी जोडलेली बॅटरी क्षणात अल्टरनेटरचे डायोड जाळू शकते. तेव्हा जुन्या बॅटरीचा फोटो काढून सोबत न्या.

कडाक्याच्या थंडीत गाडी वापरत असाल तर सीसीए हा आकडा बघा. उणे १८ अंश तापमानाला बॅटरी थोड्या वेळासाठी किती करंट देऊ शकते ते त्यातून कळतं. तो पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी नसावा. उष्ण हवेत मी त्यासाठी जास्त पैसे घालत नाही.

प्रश्न : सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी माझी गाडी आहे. तिची एजीएम बॅटरी साध्या बॅटरीच्या जवळपास दुप्पट किमतीची आहे. साधी लावली तर?

उत्तर : गाडी चालू होईल, आणि म्हणूनच लोक फसतात. अशा गाडीत दिवसातून पन्नास वेळा सेल्फ लागतो आणि इंजिन बंद असताना पंखा, दिवे, गाणी सगळं बॅटरीवर चालतं. साधी बॅटरी त्या उपशाला टिकत नाही. एजीएम म्हणजे काचेच्या तंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवलेली बॅटरी, आणि ईएफबी म्हणजे साध्या बॅटरीचाच जास्त दणकट प्रकार. मूळची ईएफबी असेल तर तीच किंवा एजीएम लावा; मूळची एजीएम असेल तर एजीएमच. अनेक गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर संगणकाला तशी नोंद द्यावी लागते, नाहीतर तो जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहतो. त्या नोंदणीची मजुरी भाव ठरवतानाच विचारा. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी बारीक नळी नव्या बॅटरीलाही जोडलीच पाहिजे, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. हायब्रिड गाडीच्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीलाही हेच लागू.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. गाडी आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. तरी चार वर्षांत ही तिसरी बॅटरी. एवढी कमी वापरूनही का जाते?

उत्तर : कमी वापरता म्हणूनच जाते. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर जागे असतात. ठाकठीक गाडीत हा करंट ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असायला हवा. ५० च धरला तर दिवसाला १.२ आणि आठवड्याला ८.४ अँपिअर-अवर. दहा मिनिटांच्या फेरीत एवढं भरून निघत नाही. दर आठवड्याला थोडी तूट साचते आणि मघाशी सांगितलेले सल्फेटचे खडे वाढत जातात. तुमची तिसरी बॅटरी वाईट निघाली असं मला वाटत नाही. तिला पोटभर मिळत नाही.

घरासमोर उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवण्याने फारसं साधत नाही. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास सलग चालवा. ते झेपत नसेल तर बॅटरी भरली की स्वतःच थांबणारा छोटा चार्जर घ्या आणि पंधरा दिवसांतून एक रात्र लावा. एका बॅटरीपेक्षा तो बहुधा स्वस्तच पडेल. आणि मुलांनी डॅशकॅमेरा बसवून दिला असेल तर गाडी बंद केल्यावर तो बंद होतो ना, ते आज बघा. ३०० मिलिअँपिअर ओढणारा कॅमेरा रात्रंदिवस चालू राहिला तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर खातो. चौथी बॅटरी घेण्याआधी हा झिरपा मोजून घ्या. मीटर असलेला कोणीही गाडीच्या वीजकामाचा माणूस तो मोजून देईल.

प्रश्न : मजुरी वाचवायला बॅटरी घरीच बदलू का?

उत्तर : साध्या गाडीची जरूर बदला. चष्मा आणि हातमोजे घाला, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. सोडताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर तो शॉर्ट होऊन तापतो, ठिणग्या उडतात. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. बॅटरी दहा-वीस किलोची असते. पाठ दुखत असेल तर दुसऱ्याला उचलू द्या आणि ती आडवी करू नका, आत आम्ल आहे. बसवल्यावर पट्टी आवळा, डबा हाताने हलवून बघा, आणि डब्यावर मार्करने तारीख व दुसऱ्या दिवशी सकाळचा व्होल्टेज लिहून ठेवा.