भाषा इकडे, मेंदू तिकडे: गाइडचे आकडे कसे बघायचे?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी पुण्यात लिंग्विस्टिक्समध्ये एमए करतेय, पुढे भाषा आणि मेंदू या विषयात पीएचडी करायची आहे. दोन प्रोफेसर डोक्यात आहेत. एकांची न्यूरोसायन्सची लॅब आहे, गूगल स्कॉलरवर आठ हजारांच्या वर सायटेशन, म्हणजे इतरांनी त्यांच्या पेपरांचा तितक्या वेळा संदर्भ दिलाय. दुसरे वाक्यरचनेवर काम करतात, त्यांचे जेमतेम सहाशे. बाबा म्हणतात आकडा मोठा तो माणूस मोठा. खरंच तसं असतं का? आणि एच-इंडेक्स किती असला की चांगला?

उत्तर: बाबांना सांग, हे दहावीचे मार्क नाहीत, दोघांचा पेपरच वेगळा आहे. न्यूरोसायन्सच्या रिसर्च पेपरवर सहा-आठ नावं सर्रास असतात, शेवटचं बहुतेक वेळा लॅबच्या प्रमुखांचं, म्हणजे लॅबमधून जे काही निघेल ते त्यांच्या खात्यात जमा. वाक्यरचनावाला माणूस एकटा नाहीतर दुकटा लिहितो, एकेका पुस्तकात वर्षं घालवतो आणि ते वाचणारी मंडळीही मोजकीच.

आणि सायटेशन कशाला मिळतं तेही बघ. १९८० साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले, स्क्रीनवर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली, आणि काही वाक्यांचा शेवट मुद्दाम बिघडवला, म्हणजे त्याने गरम ब्रेडला काय लावलं, तर मोजे! तो शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, एक निगेटिव्ह लाट आली. गंमत म्हणजे अर्थ बरोबर ठेवून शेवटचा शब्द नुसता मोठ्या टायपात दाखवला तर ही लाट येत नव्हती, वेगळीच येत होती, म्हणजे हा नुसता दचकण्याचा मामला नव्हता, अर्थाचाच होता. हीच ती एन४००. पुढे वाचादोष, स्किझोफ्रेनिया, दुसरी भाषा शिकणं, सगळीकडे लोकांनी ती वापरली, २०११ च्या आढाव्यात कुटास आणि फेडरमायर यांनी एन४०० वापरलेले पेपर हजाराच्या वर असल्याचं लिहिलंय. इतक्या लोकांच्या हाती मोजमापाचं साधन लागलं की सायटेशन वाढणारच.

भांडणातूनही वाढतात बरं का. हाउझर, चॉम्स्की आणि फिच यांचा २००२ चा पेपर घे, माणसाच्या भाषेचं खास वैशिष्ट्य कदाचित रिकर्शन, म्हणजे वाक्यात वाक्य गुंफत जाणं, एवढंच असेल असं त्यात होतं. पिंकर आणि जॅकेंडॉफ २००५ मध्ये त्यावर तुटून पडले, पण तुटून पडायलाही सायटेशन द्यावंच लागतं ना! काउंटरला ते कौतुक की टीका, काही कळत नाही.

एच-इंडेक्स २००५ मध्ये हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढला, तोही सॅन डिएगोचाच. एच-इंडेक्स २५ म्हणजे किमान २५ वेळा सायटेशन मिळालेले २५ पेपर. मग कुणाचे तीनच पेपर असतील आणि प्रत्येकाला दोन हजार सायटेशन असतील तरी त्याचा एच-इंडेक्स तीन! त्यामुळे "किती चांगला" याला एक आकडा नाही, त्याच विषयातल्या, साधारण त्याच वयाच्या माणसांशीच ताडून बघायचा.

तू असं कर, दोघांची प्रोफाइल उघड आणि यादी वर्षाप्रमाणे लाव. आठ हजारांतले बरेचसे एखाद्याच जुन्या पेपरचे असतील, आणि त्यावर सरांचं नाव मधेच कुठेतरी असेल, तर लॅबमध्ये आत्ता काय चाललंय ते त्या आकड्यावरून कळणार नाही. (आडनाव पाटील किंवा जोशी असेल तर जरा जपून, नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचे पेपर यादीत घुसलेले असतात.) अलीकडच्या पेपरांवर पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे का ते बघ, मी तरी यालाच सगळ्यात जास्त वजन देते. तुझा प्रश्न शब्दार्थाचा आणि ईईजीचा असेल तर लॅब लागेलच, पण प्रयोगाची वाक्यं नीट बांधायला दुसरे सर लागतील. दोघांनाही मेल टाक, एक गाइड आणि एक को-गाइड चालेल का विचार, आणि मेलमध्ये सायटेशनबद्दल चकार शब्द नको, त्यांचा एखादा पेपर वाचून पडलेला प्रश्न लिही.