सख्ख्या भावंडांची पिल्लं घ्यावीत का?

प्रश्न : आमच्याकडे लॅब्रॅडॉरची जोडी आहे, एकाच लिटरमधली (एकाच वेतातली), सख्खे भाऊ-बहीण. दोघं आता दीड वर्षाचे झालेत, दिसायला एकदम छान, कधी आजारी नाहीत. शेजारीपाजारी, पाहुणे सगळे पिल्लू मागतायत. ज्यांच्याकडून आणले ते म्हणतात, जनावरात नातंबितं काही नसतं, बिनधास्त क्रॉस करा. पण आईला ते पटत नाहीये. खरंच काही धोका असतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या आईंचं बरोबर आहे, कृपया हा क्रॉस करू नका. कुत्र्यांना नातं कळत नाही हे खरं, वयात आलेला भाऊ बहिणीवर जाणारच, पण त्यांना कळत नाही म्हणून पिल्लांचं नुकसान टळत नाही.

होतं काय, की प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरी चांगली असेल तर बहुतेक वेळा काम भागतं आणि कुत्रा आयुष्यभर ठणठणीत राहतो, अशा कुत्र्याला कॅरिअर म्हणतात. आता समजा तुमच्या जोडीचा बाप असा कॅरिअर होता, आई नव्हती. मग भावाकडे ती खराब प्रत असण्याची शक्यता निम्मी, बहिणीकडेही निम्मी, आणि दोघांचा क्रॉस केला तर एखाद्या पिल्लाला दोन्ही प्रती खराब मिळण्याची शक्यता 16 मध्ये 1. हे फक्त एका जीनचं झालं. असे लपलेले दोष प्रत्येक कुत्र्यात एकाहून जास्त असतात आणि सख्ख्या भावंडांत तेच ते असण्याची शक्यता फार मोठी. म्हणूनच भाऊ-बहीण किंवा बाप-मुलगी अशा जोडीच्या पिल्लांचा इनब्रीडिंगचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा, आकडा (जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) 25 टक्के धरतात, सावत्र भावंडांचा साडेबारा, चुलत-मावस भावंडांचा सव्वासहा, आणि तोही मागच्या पिढ्यांत काहीच नातं नव्हतं असं धरून.

आणि "कधी आजारी नाहीत" यावर विसंबू नका. लॅब्रॅडॉरमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आनुवंशिक आजार आहे, त्यात पडदा हळूहळू निकामी होतो. कुत्रा आधी फक्त अंधारात चाचपडतो, संध्याकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकतो, आणि घरच्यांना वाटतं वय झालं असेल. हे बऱ्याचदा चार-पाच वर्षांचा झाल्यावर लक्षात येतं, तोवर त्याची पिल्लं दहा घरांत गेलेली असतात. डीएनए टेस्ट आहे, गालाच्या आतून स्वॅब घेऊन होते, पण ती ठरावीक माहीत असलेल्या दोषांचीच, त्यामुळे टेस्ट क्लिअर आली म्हणून भावंडांचा क्रॉस चालेल असा अर्थ अजिबात नाही. हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, तर अनेक जीन्सचा मिळून होतो, तिथे एक्स-रेच लागतो.

याशिवाय पिल्लं कमी होणं, मेलेली जन्मणं, पहिल्याच आठवड्यात एकेक करून जाणं, टाळू फाटलेली असणं, हे सगळं बाहेरच्या क्रॉसमध्येही होतं, पण जवळच्या नात्यात त्याची शक्यता वाढते. फाटलेल्या टाळूचं पिल्लू पाहिलंय का कधी? आचळाला तोंड लावतं, ओढतं, आणि दूध नाकातून बाहेर येतं, पोट भरतच नाही, दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. ते बघवत नाही हो, आणि रात्रभर जागून नळीने दूध पाजायची तयारी किती जणांची असते?

आता तुमच्यासाठी तातडीचं. फीमेल हीटवर (माजावर) आली की पूर्ण तीन आठवडे दोघांना वेगळ्या घरात ठेवा, एकाच घरात मध्ये दार लावून भागत नाही. माजातलं रक्त जाणं कमी झालं की माज संपला असं समजून सगळे सोडतात आणि नेमकं तेव्हाच ती गाभण राहते, रक्त फिकं पडायला लागतं तेच दिवस सगळ्यात धोक्याचे. पिल्लं घ्यायचीच नसतील तर दोघांची नसबंदी करून टाका. चुकून मेटिंग झालंच तर लगेच डॉक्टरांकडे न्या, मेडिकलमधून आपल्या मनाने हार्मोनचं इंजेक्शन आणून देऊ नका, त्याने गर्भाशयात पू होऊ शकतो.

प्रश्न : मला जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय. ब्रीडर म्हणतात ही लाईन ब्रीडिंग आहे, इनब्रीडिंग नाही. पेपर्सवर, म्हणजे वंशावळीच्या कागदांवर, एकाच चॅम्पियन कुत्र्याचं नाव दोन्हीकडून दिसतंय. घ्यावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लाईन ब्रीडिंग म्हणजे इनब्रीडिंगच, फक्त जरा लांबच्या नात्यातलं. नाव पणजोबांच्या जागी एकेकदाच असेल तर मी फार घाबरणार नाही, पण दोन्हीकडून आजोबाच तो असेल तर सोडून द्या. एकाच चॅम्पियनकडून सगळ्यांनी पिल्लं घेतली की त्याचा लपलेला दोषही सगळीकडे जातो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने 2021 मध्ये 227 जातींचे डीएनए तपासले तेव्हा सरासरी इनब्रीडिंग 25 टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे कागदावर नातं नसलेले कुत्रेही आतून सख्ख्या भावंडांच्या पिल्लांसारखे.

डाल्मेशियनचं उदाहरण बघा. त्या जातीत युरिक ॲसिडचा एक दोष इतका पसरला की शुद्ध जातीत चांगली प्रतच उरली नाही, मूतखडे व्हायचे, लघवी अडायची. शेवटी 1973 मध्ये अमेरिकेत एका ब्रीडरने पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी एकच क्रॉस केला आणि पुढे परत डाल्मेशियनशीच पैदास करत चांगली प्रत जातीत आणली. त्या वंशाच्या कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबने (जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) कायमची मान्यता द्यायला 2011 उजाडलं! तिकडे ब्रिटनच्या केनेल क्लबने मात्र 2009 पासून भाऊ-बहीण आणि पालक-पिल्लू अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली, ते मला फार योग्य वाटतं.

पिल्लू घेताना आई प्रत्यक्ष बघा, आई-वडलांच्या खुब्याचे एक्स-रे मागा, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते विचारा, 2017 च्या नियमांनुसार ती लागतेच आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

प्रश्न : आमच्या भागात चांगले कारवानी (मुधोळ हाउंड) कुत्र्यांचे नर दोन-तीनच, सगळ्यांची पिल्लं त्यांचीच. दुसरा पर्याय काय?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : लांबचा नर. लातूरकडे, कोल्हापूरकडे, सीमेपलीकडे मुधोळला बघा, मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं याच कुत्र्यांचं केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. प्रवासाचा त्रास आहे पण तो सोसा, आपली ही जात आधीच थोड्या हातांत राहिलीय. आणि गावातल्या सगळ्यांनी मिळून एक वही घाला, कुठली मादी, कुठला नर, तारीख, किती पिल्लं, किती जगली, कोणाकडे गेली. तीन पिढ्यांची वही झाली की कोणाशी क्रॉस करायचा नाही ते तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.