पित्तनलिका रुंद, कारण सापडेना: ईयूएस (एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून केलेली सोनोग्राफी) शिकताना आधी एवढंच

स्कोपला हात लावण्याआधी केस पेपर नीट वाच. पित्ताशय काढलंय का? वय किती? अफूजन्य वेदनाशामकं चालू आहेत का? या तिन्हींमुळे नलिका रुंद दिसू शकते. पित्ताशय काढलेल्यांत १० मिमीपर्यंतची नलिका नवीन नाही. पण रक्तात बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारे घटक) वाढलेलं असेल, तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नकोस.

मग नलिका हायलमपासून (यकृतातून ती बाहेर पडते ती जागा) पॅपिलापर्यंत (आतड्यात ती उघडते ते तोंड) सलग बघ. नवशिक्यांचं घोडं अडतं ते शेवटच्या एक-दोन सेंटीमीटरवर, आणि बारीक खडा किंवा छोटी गाठ बरेचदा तिथेच लपलेली असते. ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) पाणी भर, स्कोपच्या टोकावरचा बलून फार फुगवू नकोस (तो पॅपिलाच दाबून टाकतो) आणि तिथे निवांत थांब. खडा पांढरा चमकतो, मागे काळी सावली टाकतो. गाळाला सावली नसते. हवेचे बुडबुडे मात्र भल्याभल्यांना फसवतात.

नेहमीच्या चुका:

- डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) न लावता रक्तवाहिनीलाच नलिका समजणं.
- स्वादुपिंडाची नलिका न मोजणं. ती आणि पित्तनलिका दोन्ही रुंद असतील तर स्वादुपिंडाचं डोकं आणि पॅपिला पुन्हा तपास, मग सीटी स्वच्छ का असेना.
- आधी स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) घालणं, मग ईयूएस. स्टेंटमुळे चित्र बिघडतं, छोटी गाठ निसटते.

पॅपिला संशयास्पद वाटला तर साइड-व्ह्यूइंग स्कोपने (बाजूला बघणाऱ्या दुर्बिणीने) थेट बघून घे. सुईने नमुना घेणं तूर्तास बाजूला ठेव. चित्र ओळखता यायला लागलं की त्याबद्दल मला विचार, सविस्तर सांगेन.