फोन वाजत नाही, तरी झोप का होत नाही?

"मॅडम, रात्री फोन आला नाही तरी सकाळी अंगात जीव नसते. मी कामचोर होऊन रायलो का?"

विचारणारा तिशीतला कंत्राटी वायरमन, यवतमाळ जिल्ह्यातला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हाच प्रश्न मला ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर विचारतात, आशाताई विचारतात. रात्री कधीही बोलावणं येऊ शकतं, अशी ज्यांची कामं आहेत, ते सगळेच.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. शेतीपंपाची लाईट रात्रीची. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज उडाला की याला फोन. समोरचा शेतकरीही थंडीत बांधावर ताटकळलेला, त्याचा आवाज चढणारच. त्याला मी दोष देणार नाही. याचा फोन उशाशी, आवाज पूर्ण मोठा. माझ्याशी बोलतानाही हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा. "आत्ता वाजला ना?" फोन वाजलेला नसायचा.

तो कामचोर नव्हता. टॉर्सवाल आणि ऑकरस्टेट या स्वीडनच्या संशोधकांनी १९८८ मध्ये जहाजावरच्या इंजिनिअरांच्या झोपेची यंत्रावर नोंद घेतली. रात्री इंजिनचा अलार्म वाजला तर उठायची जबाबदारी असेल, त्या रात्री त्यांची गाढ झोप कमी व्हायची. आणि हा परिणाम पहिला अलार्म वाजण्याच्या आधीच दिसत होता. धास्तीनेच झोप उथळ होते. हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे येड नाही लागलं मले."

माझी खरी काळजी पुढची होती. एका सकाळी तो आर्थिंग, म्हणजे लाईन चुकून चालू झाली तर करंट जमिनीत जावा म्हणून लावायची तार, न लावताच खांबावर चढायला निघाला होता. खालून जोडीदार ओरडला म्हणून थांबला. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरते. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

घरचे म्हणत, योगासनं कर, जास्त विचार करू नको. योगासनं चांगलीच, पण इथे कामाची घडीच बदलायला हवी होती. काम भरपूर आणि ते कसं, कधी करायचं यात आपलं काही चालत नाही, अशा नोकरीत माणूस सर्वांत जास्त थकतो, खचतो, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. म्हणून आम्ही कागद घेतला. शेजारच्या गावांचे दोन वायरमन आणि हा, तिघांनी रात्री वाटून घ्यायच्या. ज्याची पाळी त्याचाच फोन चालू. रात्री जो बाहेर पडला, त्याने सकाळी खांबावर चढायचं नाही, मीटर आणि वसुलीचं काम करायचं. साहेबांनी पाळी मान्य केली. सकाळची अट मात्र "माणसं कमी आहेत" म्हणून अजून अडकली आहे. ती सोडू नका, लेखी मागा, असं मी तिघांनाही सांगितलंय.

पाळी नसलेल्या रात्री त्याला झोप लागू लागली. तुमच्याही बाबतीत हेच आधी पाहा. फोन बंद असलेल्या रात्रीही झोप येत नसेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बीपी तपासून घ्या आणि डॉक्टरांना मनाचंही सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.