विचारा की, काका : भोपळे पुरे, आता खरी मुंबई दाखवा

प्रश्न : काका, आम्ही ऑफिसातले आठ-नऊ जण, सगळे डोंबिवली-ठाण्याचे. दरवर्षी हॅलोविनला कुठल्यातरी कॅफेत जातो, तिथे प्लास्टिकचे भोपळे लटकवलेले असतात, महागडी कॉफी पितो, फोटो काढतो आणि शेवटची फास्ट पकडून घरी. यंदा म्हटलं मुंबईतच काहीतरी खरं भीतीदायक बघू. नेटवर टॉप टेन झपाटलेल्या जागा वाचल्या, कुलाब्याची बंद मिल, आरेचा रस्ता, माहीमच्या चाळीतली विहीर. रात्री गेलं तर कुठली बेस्ट?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, एकही नाही. त्या चाळीत माणसं राहतात, रात्री दीडला तुम्ही टॉर्च मारत विहिरीत डोकावलात तर भुताआधी शिव्या ऐकाल. आरेत भूत असेल नसेल, बिबट्या मात्र नक्की आहे. आणि बंद मिलमध्ये शिरायचं तर आधी वॉचमन.

त्यापेक्षा माझं ऐक. रविवारी साडेचारला ओव्हल मैदानावर भेटा, ऑक्टोबर हीट आहे, त्याआधी नको, आणि पाणी घ्या. समोर राजाबाई टॉवर, 280 फूट, 1878 मध्ये बांधून झाला. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले, म्हणून राजाबाई. 1891 च्या एप्रिलमध्ये या टॉवरवरून दोन पारशी मुली खाली पडून गेल्या. उडी होती की कुणी ढकललं यावर तेव्हा शहरभर वाद पेटला, आणि तो आजही सुटलेला नाही. वर जायला मिळत नाही, हिरवळीवर बसूनच बघा, संध्याकाळचे ठोके पडायला लागले की आपसूक सगळे गप्प होतात.

तिथून चालत आझाद मैदान. आपण इथे मोर्चे बघतो, क्रिकेट बघतो, वडापाव खातो, पण 15 ऑक्टोबर 1857 ला याच मैदानावर, तेव्हाच्या एस्प्लनेडवर, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. दिवाळीत उठाव करायचा बेत होता म्हणे, आणि तो फुटला कसा ते ऐक, तेव्हाचा पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट वेष बदलून फिरायचा, इथल्या भाषा अस्खलित बोलायचा, सोनापुरातल्या एका घरात शिपाई जमायचे तर त्याने शेजारून भिंतीला भोकं पाडून सगळं बघितलं-ऐकलं. त्याच्या नावाची फोर्जेट स्ट्रीट ताडदेवला आजही आहे, आपण टॅक्सीवाल्याला सांगतो आणि विसरतो. त्या दोघांचं नाव मात्र फारसं कुणाच्या तोंडी नाही. मला विचारशील तर अख्ख्या सफरीत मला अस्वस्थ करणारी जागा हीच, कारण मैदानात बघायला फारसं काही नाही, नुसतं गवत आणि स्टंप घेऊन पळणारी पोरं.

आणि हो, ते सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सजवळचं स्मशान-कबरस्तानाचं जुनं ठिकाण. जुने गिरगावकर अजून म्हणतात, 'तो केव्हाच सोनापूरला गेला.' रस्त्याने पुढे जाताना चंदनवाडीचं स्मशान लागतं, बाहेरूनच नमस्कार करा. आत कॅमेरे काढून जायची जागा नाही ती, तिथे रोज कुणाचं तरी माणूस चाललेलं असतं.

पण त्याआधी मेट्रो सिनेमाच्या चौकात थांबायचंच. समोर डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे, लोक बसची वाट बघत त्याच्या सावलीत उभे असतात. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत यांनी पहिल्यांदा ओळखलं की हा साधा ताप नाही, प्लेग आहे. पुढे काय झालं ते आजीच्या आजीने भोगलेलं. लाखो लोक गाव गाठायला निघाले, मागे राहिलेल्यांच्या दारांवर सरकारी माणसं प्लेगच्या खुणेचे गोल काढून जायची, आणि अंधाऱ्या चाळीत ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढायची. लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या गेटला बांबू बांधलेले आठवतात ना, मग जास्त समजवायला नको. नंतर शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था आली 1898 ला, दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते त्याच भीतीतून निघालेत. मधे कयानी या इराण्याच्या हॉटेलात बनमस्का खाऊन घ्या, मग गिरगावात खोताच्या वाडीत शेवट, तिथला क्रॉस प्लेगच्या काळातलाच. बोलताना आवाज हळू ठेवा, घरं अगदी रस्त्याला लागून आहेत.

ज्याला दुसरा दिवस काढता येईल त्याने परळची हाफकिन इन्स्टिट्यूट बघावी. ती मुळात गव्हर्नरची कोठी. 1882 मध्ये गव्हर्नरची बायको लेडी फर्ग्युसन तिथेच कॉलऱ्याने गेली, मग गव्हर्नर मलबार हिलला, आणि त्याच वास्तूत पुढे प्लेगचं हॉस्पिटल, त्यानंतर प्लेगची लस काढणाऱ्या डॉ. हाफकिनची लॅब. या माणसाने जानेवारी 1897 मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांना. आत जायचं तर आधी फोन करून विचारा.

प्रश्न : गोदीच्या स्फोटात सोन्याच्या विटा घरात पडल्या ही गोष्ट खरी की आजोबांची फेकाफेक?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : खरी, आजोबांची माफी मागा. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात कापसाच्या गाठी, सुमारे 1,400 टन दारूगोळा आणि सोन्याच्या 124 विटा, एकेक पावणेतेरा किलोच्या आसपास. दुपारी चारनंतर दोन स्फोट. एक वीट जवळजवळ मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती परत केली! शिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. पण आजोबांनी दुसरी बाजू सांगितली का? आग विझवायला धावलेल्यांपैकी 66 अग्निशमन जवान गेले. तुमच्या भायखळ्यातच फायर ब्रिगेडच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, 14 एप्रिलला मानवंदना असते.

प्रश्न : पितृपक्षात असली सफर केली तर चालते का? सासूबाई नको म्हणतात.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : मग पितृपक्षात नका करू. कोजागिरीनंतर जा, चांदणं असतं, सासूबाईंनाही घेऊन जा. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त गोष्टी माहीत असणार.

प्रश्न : आमच्याकडे रामदास बोटीचं नाव काढलं तरी आई उठून आत जाते. ती जागा बघता येते का?
– एक वाचक, रेवस

उत्तर : येते, पाण्यावरून. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सणाला घरी निघालेली माणसं भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठला निघाली आणि अर्ध्याच तासात काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून जास्त गेले. पाऊस सरला की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची सकाळची लाँच पकडा, कुठल्याही जुन्या खलाशाला विचारा, तो काशाकडे बोट दाखवेल. आईला नका विचारू. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.